अन्न सोडलं म्हणे

तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या कुत्र्याचा ओठ उचलून तुम्ही आत शेवटचं कधी पाहिलंत?

उत्तर मला ठाऊक आहे. पाहिलेलंच नाही. पाठीवरून हात फिरवला असेल, फोटो काढले असतील, दिवाळीत गळ्यात हार घातला असेल. तोंडात कोण बघतं? आमच्याकडंही कुणी पाहिलं नव्हतं. आणि आमचं घर म्हणजे जनावराच्या तोंडात पाहण्यात पिढ्या घालवलेलं घर. म्हणून माझा राग अजून उतरत नाही.

माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणतो, पैठणकडच्या मेंढरं राखणाऱ्या घरातले. तरुणपणी चिकलठाण्याला कारखान्यात लागले आणि मेंढरं सुटली, पण अंगठा सुटला नाही. आजही जत्रेसाठी बोकड घ्यायचा असला की नातेवाईक त्यांना बाजारात घेऊन जातात. विकणारा काय सांगतोय ते दादा ऐकतच नाहीत. डाव्या हातानं मान धरायची, उजव्या अंगठ्यानं खालचा ओठ दाबायचा, एक नजर टाकायची. "चार दात हायेत याला. कोवळं म्हणून कुणाच्या गळ्यात मारतो रं?" विकणारा भाव उतरवतो. दातावरून वय, दातावरून तब्येत, दातावरून जनावर पुढचा उन्हाळा काढेल की नाही, सगळं त्यांना कळतं.

आमचा कुत्राही त्याच मेंढरांतला. आज्याच्या कळपाबरोबर राहणाऱ्या कुत्रीचं पिल्लू. मी शाळेत होते तेव्हा दादांनी त्याला पिशवीत घालून एसटीनं शहरात, पुंडलिकनगरातल्या आमच्या घरी आणलं. वाटेत पिशवी कुईकुई करायला लागली तेव्हा कंडक्टरनं विचारलं, "काय हाय त्यात?" दादा म्हणाले, "वांगी." आमच्या घरात सांगितला जाणारा हा सगळ्यात जुना विनोद. पिशवीतली ती वांगी वाढत वाढत गुडघ्याच्या वर गेली, गल्लीची राखण करू लागली आणि बघता बघता तोंड पांढरं होऊन बसली. आता सगळी गल्ली त्याला नुसतं 'म्हातारा' म्हणते. मीही इथं तेच म्हणते.

मेंढरांच्या घरातली एक रीत आमच्याकडं शहरात आली. तव्यावरची पहिली भाकरी कुत्र्याची. रात्रभर मेंढरांभोवती तो जागतो, तर मालकाच्या आधी त्याचं पोट भरलं पाहिजे, हा त्यामागचा न्याय. आईनं गॅसच्या शेगडीवरही तो न्याय पाळला. पाहुणे असोत, सणवार असो, पहिली भाकरी म्हाताऱ्याची. मला या रीतीचा अभिमान होता. अजूनही आहे. पण या रीतीची दुसरी बाजू मला या हिवाळ्यात कळली.

सुरुवात अशी झाली की म्हातारा भाकरी घेऊन कंपाऊंडच्या कोपऱ्यात जायचा आणि तिथंच ठेवून यायचा. मग खाताना मान एका बाजूला तिरकी करायला लागला. मग पायरीवर लाळेचे डाग दिसू लागले. जवळ बसलं की वास यायचा. आईनं फिनेल टाकून सगळा ओटा धुतला, वास गेला नाही, कारण तो ओट्याचा नव्हताच. हे सगळं आम्ही पाहिलं. प्रत्येकानं पाहिलं. आणि प्रत्येक गोष्टीला घरात एकच उत्तर होतं: वय झालं.

वय झालं! मराठीत इतकं आळशी वाक्य दुसरं नसेल. ते उच्चारलं की विचार करायला नको, उठायला नको, रिक्षा बोलवायला नको. बोलणाऱ्याला वर समजूतदार असल्याचं समाधान. कुत्रा लंगडतो, वय झालं. मांजर बारीक झाली, वय झालं. मी म्हटलं, "दादा, डॉक्टरला दाखवू." दादा म्हणाले, "कशाचा डॉक्टर? आपण बी म्हातारे हुनारच की."

आणि हे कोण बोलत होतं? ज्या माणसाच्या पत्रकांवर मी वाचायला शिकले तो माणूस. आमच्या घरात गोष्टींची पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. दादा युनियनमध्ये होते. दिवाणाखाली पत्रकांचे गठ्ठे असायचे, लाल कागदावरची, पिवळ्या कागदावरची, शाई बोटाला लागणारी. कारखान्याच्या गेटवर शिफ्ट सुटताना मी ती वाटलेली आहेत, फ्रॉक घालून. आणि त्यांतलं एक मला पाठ होतं, कारण ते दादांनी स्वतः लिहिलं होतं. कंपनी जुन्या कामगारांना 'वय झालं' म्हणून काढत होती, त्याच्या विरोधात. माणसाला दुखतंय काय ते न तपासता त्याचं वय पुढं करणं म्हणजे हात झटकणं आहे, असा त्यातला मुद्दा होता. मी तो दादांना ऐकवला. दादा चिडले.

"ते माणसाचं व्हतं."

"म्हणजे कुत्र्याच्या बाबतीत हात झटकलेले चालतात?"

"तू लई बोलायला लागली."

"तुम्हीच शिकवलं."

आईनं कुकरची शिट्टी होईपर्यंत आम्हा दोघांना गप्प बसायला सांगितलं.

त्याच आठवड्यात आत्या आली. दादांची थोरली बहीण, गावाकडं राहते, मोतीबिंदू काढायला शहरात आली होती. ती आली त्या सकाळी आईनं पहिली भाकरी टाकली आणि म्हाताऱ्यानं ती हुंगली आणि तोंड फिरवलं. आत्यानं एका डोळ्यानं ते पाहिलं आणि डोक्यावर पदर घेतला.

"अन्न सोडलं त्यानं."

हे वाक्य आमच्याकडं साधं नाही. म्हातारं माणूस शेवटी आपण होऊन जेवण नाकारतं, तेव्हा हे म्हणतात, आणि आदरानं म्हणतात. म्हणजे जीव आवरतं घेतोय, त्याला आग्रह करायचा नाही, वाट अडवायची नाही. माझ्या आज्यानं असंच अन्न सोडलं होतं. त्याच्याबद्दल गावात अजून मान खाली घालून सांगतात: "कुणाला तरास दिला नाय. अन्न सोडलं आन् गेला."

आत्या म्हणाली, "राखणदार जीव हाय. त्याला कळतंय. आता सुई न् गोळी करून त्याचा तळतळाट घेऊ नका. वाटंनं जाऊ द्या."

तिनं स्वतः शेवग्याच्या झाडाखाली पोतं अंथरलं, पाण्याची वाटी ठेवली. शेजारच्या बायकांना सांगितलं. त्या येऊन पाहून गेल्या. कुणीतरी पोत्याशेजारी झेंडूचं फूल ठेवलं. जिवंत कुत्र्याची शोकसभा आमच्या अंगणात भरली होती, आणि कुत्रा मधे बसून स्वयंपाकघराकडं बघत होता. मी ते पाहत होते. ज्यानं अन्न सोडलंय तो स्वयंपाकघराकडं कशाला बघेल?

मी आत्याला म्हटलं, "आत्या, तुझंही वय झालंय ना? मग मोतीबिंदू कशाला काढते? वाटंनं जाऊ दे की डोळा."

हे मी बोलायला नको होतं असं घरातल्या सगळ्यांचं मत आहे. माझं नाही. आत्या मात्र रागावली नाही. "आगं, मला दिसलं पाहिजे ना," ती म्हणाली. "तुझं लगीन बघायचंय."

माझ्या कटकटीला कंटाळून दादा एका डॉक्टरकडं जाऊन आले, प्राण्यांचं खाद्य विकणाऱ्या दुकानात संध्याकाळी बसतात त्यांच्याकडं. कुत्र्याला न नेता! डॉक्टरांनी वय विचारलं, मान हलवली, टॉनिकची बाटली दिली. बाटलीवर हसणाऱ्या, चकचकीत, तरुण कुत्र्याचं चित्र. दादा विजयी मुद्रेनं घरी आले. "डॉक्टर बी तेच म्हन्ला. वय झालं." आता त्या वाक्यावर पदवीचा शिक्का बसला होता.

त्यानंतर एका सकाळी म्हाताऱ्याच्या डाव्या डोळ्याखाली लिंबाएवढी सूज आली. डोळा अर्धा मिटला. आत्या म्हणाली, जाणारा जीव रडतो, रडून सुजलाय. मी चप्पल घातली आणि रिक्षा आणायला गेले.

पहिला रिक्षावाला म्हणाला, "ताई, शिटावर केस पडतेत." दुसरा म्हणाला, "चावला तं?" तिसऱ्यानं कुत्रा पाहिला आणि रिक्षा वळवून निघून गेला. या शहरात जिवंत कोंबड्या दुचाकीला उलट्या टांगून नेता येतात, पण आजारी कुत्र्याला रिक्षात बसता येत नाही. शेवटी मंडईतून भाजी आणणारा लोडिंगवाला, छोट्या टेम्पोचा, थांबला. पालकाच्या रिकाम्या कॅरेटांमध्ये मी आणि म्हातारा बसलो. गाडी सुरू होणार इतक्यात दादा आले, वर चढले आणि त्यांनी कुत्र्याचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं. ते राजी झाले होते म्हणून नाही. मी एकटी त्याला उतरवू शकणार नाही म्हणून.

दवाखान्यात आमच्या आधी एक चाचा बसले होते, मांडीवर टोपली, टोपलीवर ओढणी, ओढणीखालून एका म्हाताऱ्या मांजरीचं नाक बाहेर.

"क्या हुआ इसको?" दादांनी विचारलं. बोलायला काहीतरी पाहिजे म्हणून.

"पानी पीती. बस पानी पीती," चाचा म्हणाले. "बाल्टी के पास बैठी रहती, और सूख के काँटा हो गई. घर में सब बोलते, गर्मी है, पीती होगी." त्यांनी अंगातल्या स्वेटरकडं बोट दाखवलं. "ये गर्मी है क्या, भाऊ? आप बोलो."

आतून बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात औषधं होती. मांजरीच्या किडन्या दमल्या होत्या. बऱ्या होणार नव्हत्या, पण वेगळं खाणं आणि वरचेवर तपासणी ठेवली तर ती अजून बरीच आरामात जगेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. "अब इसके वास्ते अलग खाना," चाचा टोपली उचलत म्हणाले. "घर में मेरे वास्ते कोई अलग नई पकाता." पण चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. डॉक्टर बाई ऐकून घेतात, एवढ्यानंच माणूस अर्धा मोकळा झाला होता.

डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी म्हाताऱ्याचं वय विचारण्याआधी त्याला आपला हात हुंगू दिला, मग दादांना म्हणाल्या, "डोकं धरा." आणि अंगठ्यानं त्याचा ओठ वर केला.

आत जे होतं ते मी लिहिते, कारण तुम्ही ते वाचलं पाहिजे. दात दगडासारख्या पिवळ्या-तपकिरी थराखाली गाडले गेले होते. हिरड्या लाल, मऊ, रक्ताळलेल्या. मागच्या मोठ्या दाढेचा तुकडा पडलेला आणि तिच्या मुळाशी पू. तो पू वर सरकला होता, म्हणून सूज डोळ्याखाली. "लोक डोळ्यात थेंब घालत बसतात," बाई म्हणाल्या. "दुखतं दाढेत." त्यांनी मऊ खाण्याचा एक घास बोटानं उजव्या गालात सारला. म्हाताऱ्यानं तो गिळला. दुसरा गिळला. तिसऱ्यासाठी त्यानं त्यांचं बोटच चाटून काढलं.

अन्न सोडलं म्हणे! त्याला भूक होती. रोज सकाळी पहिली भाकरी त्याच्यासमोर पडत होती आणि त्याला ती चावता येत नव्हती. आणि आम्ही भोवती हात जोडून उभे.

दादा ओठाखाली पाहत राहिले. बाईंनी ओठ सोडला तेव्हा त्यांनी स्वतः पुन्हा उचलला, बाजारात उचलतात तसा.

"घरातली कुठली गोळी दिली का?" बाईंनी विचारलं.

मी नाही म्हणणार होते. दादा म्हणाले, "माझ्या गुडघ्याची. आर्धी. गुळात घालून. दोन-चारदा." मला हे माहीत नव्हतं. म्हणजे त्याला दुखतंय हे त्यांना कळलं होतं! कळलं होतं, आणि तरी डॉक्टरपेक्षा गूळ जवळचा वाटला. बाईंचा चेहरा उतरला. माणसाच्या दुखण्याच्या गोळ्या कुत्र्याच्या पोटाला आणि किडन्यांना झेपत नाहीत, त्यांनी सांगितलं. मांजरीला तर तापाची साधी गोळीही जीवघेणी ठरते. दाढ काढावी लागणार, त्यासाठी भूल द्यावी लागणार, पण आता आधी रक्त तपासायचं, किडन्या काय म्हणतात ते पाहायचं.

"भूल दिली तर उठंल का?" दादांनी विचारलं. "वय..." आणि ते तिथंच थांबले.

"ते त्याचं रक्त सांगेल," बाई म्हणाल्या. "वयाला काय विचारायचं?"

रक्तानं सांगितलं की किडन्यांवर ताण आहे. ऑपरेशन पुढं ढकललं गेलं. सलाईन, इंजेक्शनं, पातळ खाणं. रोज त्याच लोडिंगमधून जायचं, पालकाचा वास अंगाला लावून यायचं. त्या दिवसांतली माझी चिडचिड मी कशी सांगू? जे दोन महिन्यांपूर्वी साध्या तपासणीत दिसलं असतं, त्यासाठी आता आम्ही एका थकलेल्या जिवाला भुलीच्या काठावर उभं करत होतो. आणि शेजारी विचारत होते, "अजून आहे का?"

सलाईन चालू असताना एके दिवशी दादा बाकावर माझ्याशेजारी बसले होते. समोर म्हातारा आडवा, पायाला पट्टी. दादा त्याच्याकडं बघतच म्हणाले, "आपल्या म्हाताऱ्याचं बी तोंड सुजलं व्हतं."

मला वाटलं ते कुत्र्याबद्दलच बोलतायत. मग कळलं. आज्याबद्दल.

"गाल सुजला व्हता. घास एका अंगाला धरायचा. मग बंदच केलं खाणं." म्हाताऱ्याच्या पायावरची पट्टी सारखी करत म्हणाले, "आम्ही पाया पडत व्हतो त्याच्या. तोंड नाय बघितलं कुणी."

मी आयुष्यभर दादांशी वाद घातला आहे. त्या बाकावर मी फक्त थोडी त्यांच्याजवळ सरकले. आज्याला काय झालं होतं, ते आता कुणालाच कळणार नाही. कदाचित त्यानं खरंच अन्न सोडलं असेल. कदाचित.

ऑपरेशन झालं. म्हाताऱ्याच्या चार दाढा गेल्या आणि जबड्याचं हाड थोडं खरवडावं लागलं. भुलीतून उठायला त्यानं फार वेळ लावला, पण उठला. पहिल्यांदा शेपटी हलली ती दादांच्या आवाजाला नाही, माझ्याही नाही. दारात लोडिंगचा हॉर्न वाजला त्याला. आता आई पहिली भाकरी कुस्करून, मटणाच्या बिनमसाल्याच्या, बिनकांद्याच्या पाण्यात भिजवून देते. तो ती वाटीसकट ढकलत ढकलत गेटपर्यंत नेतो. ठरलेल्या वेळी तपासणीला जातो. तो पुन्हा तरुण झाला, असलं काही मी सांगणार नाही. मागचे पाय थरथरतात, कानानं कमी ऐकतो. पण त्याला दुखत नाही. एवढंच मागत होते मी.

आत्या डोळ्याला काळा चष्मा लावून गावी गेली. जाताना म्हाताऱ्याच्या कपाळाला अंगारा लावला. "देवानं राखला," म्हणाली. मी दात खाल्ले. माझे शाबूत आहेत म्हणून.

परवा तिचा फोन आला. बोलता बोलता म्हणाली, शेजारच्या वस्तीवरच्या जुन्या कुत्र्यानंही अन्न सोडलंय, पोतं टाकून दिलंय त्याला. दादांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"आक्का, आधी त्याचं तोंड उघडून बघा कुणीतरी."

"कुत्र्याच्या तोंडात हात घालू?" फोनमधून मलाही ऐकू येत होतं. "येडा झाला व्हय रं?"

"आगं, आपुन मेंढराच्या घालतो की."

"मेंढरू इकायचं असतंय," आत्या म्हणाली. दादा काहीतरी बोलणार, तेवढ्यात फोन कट झाला. परत लावला तर लागला नाही.

दादा फोन हातात धरून बसून राहिले. आत्याचं ते वाक्य मला सोडत नाही. विकायचं असतं त्याचं तोंड आपण रोज उघडतो. जो नुसता आपल्यापाशी राहतो, त्याचं उघडत नाही. त्या वस्तीवरच्या कुत्र्याचं काय झालं, मला माहीत नाही.

लहानपणी मी गेटवर पत्रक हातात देऊन बाजूला व्हायचे. घेणारा ते वाचतो की चुरगाळतो, हे बघायला थांबत नसे. आता थांबणार आहे. वाचून झालं असेल तर उठा. तुमच्या घरात, गल्लीत, दारापाशी जो म्हातारा कुत्रा किंवा मांजर आहे, त्याच्याजवळ बसा, त्याला तुमचा हात हुंगू द्या, आणि हळूच त्याचा ओठ उचलून बघा. तो उचलू देत नसेल तर बळजोरी करू नका, त्याला तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्त दुखत असेल. मग गुळात काही घालू नका. रिक्षावाला नाही म्हणाला तर दुसरी गाडी थांबवा, पण त्याला आजच डॉक्टरपाशी न्या.